दिवसाची लाईट

आमच्याकडे सोलर आलं ते दिवसा पाणी देता यावं म्हणून. पृथ्वीचं तापमान, कार्बन, हवामान बदल हे सगळं गावात टीव्हीवर ऐकू यायचं, पण त्यापायी कुणी गुंठाभर जमीन दिली असती असं मला वाटत नाही, आणि त्यात गावाचं काही चुकलं असंही वाटत नाही. ज्याला एक आठवडा आड रात्री जेवून घराबाहेर पडायचंय आणि पहाटेपर्यंत पाण्याची दारं धरायचीयत त्याच्यासाठी जगातला सगळ्यात मोठा प्रश्न रात्रीची लाईट हाच असतो. मी पुण्यात राहतो, गेली काही वर्षं जगभरच्या सोलर आणि पवनचक्क्यांबद्दल मिळेल ते वाचत असतो, आणि सुट्टीला गावी गेलो की तेच सगळं आमच्या फीडरवर, म्हणजे सबस्टेशनवरून शेतीकडे येणाऱ्या वीजवाहिनीवर, उतरलेलं बघतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, फार जवळचा आहे, आणि तो नीट मांडावा असं खूप दिवस मनात होतं.

आधी रात्रीच्या लाईटबद्दल सांगतो, कारण शहरातल्या बऱ्याच जणांना हा प्रकारच माहीत नसतो. महाराष्ट्रात शेतीपंपांना थ्री फेज वीज वर्षानुवर्षं पाळीपाळीने मिळत आलीय, एक तर दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास. घरात दिवे असतात, पंखा फिरतो, पण मोटर चालायला जी थ्री फेज लागते ती तुमच्या फीडरचा नंबर येईल तेव्हाच. आता जानेवारीतला गहू डोळ्यापुढे आणा. रात्रीचा एक वाजलाय, दव पडलंय, गुडघ्यापर्यंत पीक ओलंगच्च आहे. आमचे दादा तोंडात बॅटरी धरायचे कारण दोन्ही हातात फावडं, एका वाफ्याचं दार बंद करायचं, पुढच्याचं फोडायचं, पाणी शेवटपर्यंत पोचलं का बघायला बांधाबांधाने चालत जायचं, तेवढ्यात मोटरचा आवाज बंद. मग परत विहिरीवर, मोटरच्या स्टार्टरची पेटी उघडायची, एक फेज गेलेला असायचा. कधी डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडालेला. कधी लाईट पाच मिनिटात परत यायची, कधी तासाभराने, म्हणून घरी पण जाता यायचं नाही, तिथंच लिंबाखाली घोंगडी घेऊन बसायचं.

काही जण पेटीला ऑटो बसवायचे, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू. पण एका डीपीवरच्या सगळ्यांनीच ऑटो लावले की लाईट येताक्षणी सगळ्या मोटरी एकदम उचलतात, डीपीवर लोड येतो, आणि डीपी जळाली की आठ-पंधरा दिवस उभं पीक बघत बसायचं. ऐन भरात आलेला कांदा असा वाळताना आम्ही बघितलाय. आमच्या पलीकडच्या वस्तीवरच्या एका नानांना उसात घोणस चावली, वाचले, पण तो पाय पुन्हा कधी नीट टेकला नाही. आता तर नगर, जुन्नर, नाशिक या सगळ्या पट्ट्यात उसाच्या फडात बिबट्याचं घरच झालंय, त्यामुळे रात्री एकट्याने जायचं नाही, म्हणजे एका माणसाच्या कामाला दोन माणसं जागी. आणि घरी बाई जागी ती वेगळीच. आई रात्रभर झोपायची नाही, मोटरचा आवाज वस्तीवर ऐकू यायचा, तो थांबला की ती उठून दारात यायची. ही जागरणं कुठल्या हिशोबात धरायची?

तर अशा ठिकाणी सोलर आलं.

राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, राळेगणसिद्धीला तिचा सुरुवातीचा प्रकल्प झाला, आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, त्याचं उद्दिष्ट पुढे १६,००० मेगावॅटपर्यंत वाढलं. कल्पना अगदी साधी आहे. गावाजवळच्या सबस्टेशनच्या आसपास माळाची, पडीक जमीन घ्यायची, तिथं काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा करायचा आणि ती वीज लांब कुठे न पाठवता त्याच सबस्टेशनवरून निघणाऱ्या शेतीच्या फीडरला द्यायची. शेतकऱ्याची मोटर तीच, पेटी तीच, वायर तीच, फक्त लाईट दिवसा. जमीन विकायची नाही, भाड्याने द्यायची, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. ज्या माळावर पाऊस चांगला झाला तर मटकी नाहीतर नुसती कुसळं यायची त्या जमिनीला एवढं भाडं म्हणजे आमच्याकडे लोकांनी सातबारे काढायला रांगा लावल्या.

भाऊ आता सकाळी नऊ-साडेनऊला मोटर टाकतो आणि ऊन कलायच्या आत आटोपतो. मी त्याला विचारलं, काय फरक पडला रे, तर तो म्हणाला, "पोरं झोपायच्या आत मी घरात असतो." मला वाटलं होतं तो बिलाचं काहीतरी सांगेल. उजेडात पाणी दिलं की वाफा कुठे फुटलाय ते दिसतं, पाणी वाया जात नाही, मजूर लावता येतो, बाईमाणूस सुद्धा जाऊन दारं धरू शकतं, हे सगळं त्याने नंतर सांगितलं.

दुसरा प्रकार आहे शेतातल्या स्वतंत्र सोलर पंपाचा, आमच्या चुलत्यांनी घेतलाय. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच, बाकी अनुदान. अडीच एकरापर्यंत तीन एचपीचा पंप, पाच एकरापर्यंत पाचचा, त्याच्या वर साडेसातचा. मी त्यांच्या विहिरीवर एक दिवस जाऊन बसलो होतो मुद्दाम बघायला. सकाळी आठला धार मनगटाएवढी पण नव्हती. दहानंतर पाणी जोरात पडायला लागलं, बाराच्या सुमाराला पाईप पूर्ण भरून वाहत होता, आणि मग एक पांढरा ढग आला, साधा, पावसाचासुद्धा नाही, तर धार लगेच बारीक झाली, ढग सरकला की परत जोर धरला. चुलते म्हणाले, "आता पाण्याकडं बघायच्या आधी वर बघाया लागतं." पावसाळ्यात खंड पडला आणि नुसतं ढगाळ राहिलं तर पिकाला पाण्याची गरज असते आणि पंपाला ऊन नसतं ही खरी अडचण आहे. वादळात पॅनल उडतात, केबल चोरीला जातात, कंट्रोलर बिघडला तर दुरुस्तीला माणूस कधी येईल ते त्यालाच माहीत. या गोष्टी लपवून सोलरचा प्रचार करणाऱ्यांचा मला राग येतो, कारण गावातला माणूस एकदा फसला की पुढची दहा वर्षं त्या वस्तूकडे बघत नाही.

पण ही वीज एवढी स्वस्त झाली कशी? सौर कृषी वाहिनीतली वीज तीन रुपये युनिटच्या आसपास पडते, आणि हे काही आपल्या सरकारच्या किंवा आपल्या कंपन्यांच्या एकट्याच्या कर्तबगारीने झालेलं नाही. त्यामागे जगातल्या अनेक अनोळखी माणसांनी भरलेले पैसे आहेत.

सिलिकॉनचा पहिला चालणारा सोलर सेल १९५४ मध्ये अमेरिकेत बेल लॅबमध्ये झाला, अंगावर पडलेल्या उन्हातला सहा टक्के भाग तो विजेत बदलायचा, आणि महाग एवढा की तो उपग्रहांवरच परवडायचा. १९७०च्या दशकाच्या मध्यावर सुद्धा एका वॅटच्या पॅनलला आजच्या पैशात शंभर डॉलरच्या घरात खर्च यायचा. मग १९८६ साली सोव्हिएत युनियनमध्ये चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात स्फोट झाला. त्या किरणोत्सारी धुरळ्याचा पाऊस जर्मनीतही पडला, मुलांना बाहेर मातीत खेळू देऊ नका असं आयांना सांगायची वेळ आली. तिथं ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात श्योनाऊ म्हणून अडीच हजार वस्तीचं एक छोटं गाव आहे. उर्सुला स्लाडेक या पाच मुलांच्या आईने आणि तिच्या नवऱ्याने, शेजाऱ्यांनी मिळून आधी वीज वाचवायची मोहीम काढली, मग गावाला वीज पुरवणाऱ्या कंपनीशी भांडण, गावात दोनदा मतदान, देशभरातून वर्गणी, आणि १९९७ मध्ये गावाने स्वतःचं वीजजाळं, म्हणजे तारा, डीपी, सगळं विकत घेतलं. घरगुती बायका आणि डॉक्टर-मास्तर मंडळी वीज कंपनी चालवायला लागली, आणि ती आजही चालतेय.

अशा लोकांच्या रेट्यातून जर्मनीत २००० साली एक कायदा झाला. छपरावर पॅनल लावून जो कुणी वीज तारेत सोडेल त्याला वीस वर्षं ठरलेला भाव, आणि तो भाव सौर विजेला तेव्हा युनिटला ९९ फेनिग, म्हणजे साधारण अर्धा युरो. प्रचंड महाग. हा जास्तीचा पैसा सरकारच्या तिजोरीतून नाही आला, तो प्रत्येक जर्मन घराच्या वीजबिलात वेगळा आकार म्हणून लागला, २०१४ पर्यंत तो युनिटला सहा सेंटच्या वर गेला होता. लोक कुरकुरले, पण भरत राहिले. आणि तिथं एवढी पक्की मागणी तयार झाल्यावर चीनमध्ये कारखाने उभे राहिले. ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन या संशोधकाच्या हाताखाली शिकलेला शी झेंगरोंग मायदेशी परतून वुशी शहरात पॅनल बनवायला लागला, त्याच्यामागून आणखी शेकडो आले, एकमेकांशी भाव पाडून लढले, त्याची स्वतःची कंपनी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण पॅनलचा भाव खाली येतच राहिला. आज चीनमध्ये एका वॅटला दहा-बारा सेंट. शंभर डॉलरवरून दहा सेंट!

म्हणजे कुठल्यातरी जर्मन पेन्शनर आजीने वीस वर्षं वीजबिलात थोडे जास्त पैसे भरले आणि त्याचा एक धागा आमच्या भावाच्या विहिरीपर्यंत आला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. हवामान बदलाच्या चर्चेत आपण नेहमी म्हणतो की श्रीमंत देशांनी प्रदूषण केलं आणि आता आपल्याला शहाणपण शिकवतात, आणि ते खरंच आहे, त्यांचा हिशोब अजून चुकता व्हायचाय. पण त्याच देशांतल्या साध्या माणसांनी खिशातून भरलेल्या पैशाने ही वस्तू जगाला परवडण्याएवढी स्वस्त झाली हेही तितकंच खरं आहे. त्याच वाटेत काळी बाजू पण आहे. जगातली ऐंशी टक्क्यांहून जास्त पॅनल चीनमध्ये बनतात, त्यांना लागणाऱ्या सिलिकॉनचा मोठा हिस्सा शिनजियांगमधून येत होता, आणि तिथं उइगुर लोकांकडून सक्तीने काम करून घेतात असे गंभीर आरोप आहेत, अमेरिकेने २०२१ मध्ये त्यावर कायदाही केला. उन्हाची वीज स्वच्छ आहे, पण पॅनल करणारे हात मोकळे आहेत का हे विचारायलाच पाहिजे.

डेन्मार्कची गोष्ट मला याहून जवळची वाटते, कारण ती सरळ आपल्या सहकाराच्या वाटेने जाते. साम्सो नावाचं एक बेट आहे, चार हजारांच्या आसपास वस्ती, बटाटे आणि स्ट्रॉबेरी पिकवणारे शेतकरी. वीज समुद्राखालच्या केबलने यायची, कोळशाची. १९९७ मध्ये सरकारने स्पर्धा ठेवली की कुठलं बेट दहा वर्षांत स्वतःच्या नवीकरणीय ऊर्जेवर जाऊ शकेल, आणि साम्सोने ती जिंकली. पैसे जवळजवळ काही मिळाले नाहीत. सोरेन हेर्मान्सन नावाचा शेतकऱ्याचा मुलगा, शिक्षक होता तो, त्याने घरोघरी जाऊन, बैठका घेऊन, कॉफी पीत पीत लोकांना एकच गोष्ट पटवली की पवनचक्की तुमच्या मालकीची असेल. जमिनीवर अकरा चक्क्या उभ्या राहिल्या, समुद्रात दहा. काही एकेका शेतकऱ्याच्या, काहींमध्ये गावकऱ्यांचे शेअर, समुद्रातल्या दहापैकी पाच पालिकेच्या. ज्याचा शेअर आहे त्याला चक्कीचा आवाज त्रासदायक वाटत नाही, वारा सुटला की तो खूश होतो.

आता आपल्याकडे बघा. साताऱ्याच्या वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर, सांगलीत ढालगावकडे, धुळ्यात साक्रीला नव्वदीच्या शेवटापासून पवनचक्क्या लागल्या. वनकुसवडे तर एकेकाळी आशियातल्या सगळ्यात मोठ्या पवनऊर्जा केंद्रांमध्ये गणलं जायचं. पण त्या चक्क्या कुणाच्या? पवनचक्कीत पैसे घातले की पहिल्याच वर्षी मोठा घसारा दाखवून इन्कम टॅक्स वाचायचा, म्हणून वाऱ्याशी काही देणंघेणं नसलेल्या कंपन्यांनी त्या घेतल्या. जमिनी एजंटांनी मातीमोल भावाने उचलल्या. गावाला काय, तर एखाद्या पोराला वॉचमनची नोकरी. मग २००३ च्या दुष्काळाच्या आसपास त्या भागात एक समज पसरला की पवनचक्क्या ढग पळवून लावतात, म्हणून पाऊस पडत नाही. शहाण्या लोकांनी त्याला अडाणीपणा म्हटलं. शास्त्राच्या दृष्टीने तो समज चुकीचाच होता, ढगांची उंची कुठे आणि पात्यांची कुठे. पण मला नेहमी वाटतं की त्या चक्क्यांमध्ये पठारावरच्या घराघराचा शेअर असता, दिवाळीला उसाच्या हप्त्यासारखा पवनचक्कीचा हप्ता खात्यात आला असता, तर ढग पळवायचा आळ त्यांच्यावर कुणी घेतलाच नसता.

आणि महाराष्ट्राला तर ही जखम शंभर वर्षांची आहे. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या मागे उभं राहून "जान किंवा जमीन" म्हणत जो सत्याग्रह केला तो टाटांच्या धरणाविरुद्ध होता, आणि ते धरण कशासाठी होतं, तर मुंबईला वीज पुरवायला. पाण्याची वीज, धूर नाही, कोळसा नाही, आजच्या भाषेत एकदम ग्रीन. कोयनेनं राज्याला वीज दिली, जवळपास दोन हजार मेगावॅटचा प्रकल्प, आणि कोयनेच्या धरणग्रस्तांची नातवंडं अजून पुनर्वसनासाठी आंदोलनं करतायत. त्यामुळे "स्वच्छ ऊर्जा आहे, मग विरोध कशाला" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. धूर निघत नाही एवढ्याने प्रकल्प न्यायाचा होत नाही.

कर्नाटकातल्या पावगडाला २,०५० मेगावॅटचा सोलर पार्क आहे, तेरा हजार एकरांच्या आसपास जमीन, सगळी दुष्काळी पट्ट्यातली, शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतलेली, सुरुवातीला एकरी २१,००० रुपये वर्षाला. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांचं बरं झालं. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं, जे दुसऱ्याच्या रानात मजुरी करायचे, शेरडं चारायचे, त्यांच्या हाती भाडं पण नाही आणि काम पण गेलं. आमच्या गावात हाच विषय आता गायरानावर आलाय. मालकीच्या माळाचं भाडं मालकाला मिळतं, ठीक आहे. पण गायरान दिलं तर तिथं मेंढरं घेऊन जाणाऱ्या धनगराचं काय, पारध्यांच्या चार झोपड्या आहेत त्यांचं काय? ग्रामपंचायतीला पैसे मिळतील, त्यातून सभामंडप होईल, आणि ज्याची चराई गेली तो त्या सभामंडपाच्या सावलीला बसेल. हे मला मान्य नाही. गायरानाचं भाडं येणार असेल तर त्यातला हिस्सा आधी भूमिहीन घरांच्या खात्यात गेला पाहिजे.

सगळ्या जगाचं बोलायचं तर २०२४ हे आजवर मोजलेलं सगळ्यात उष्ण वर्ष होतं, औद्योगिक युगाच्या आधीपेक्षा दीड अंशाच्या वर गेलेलं पहिलं कॅलेंडर वर्ष. २०२३ ला दुबईच्या हवामान परिषदेत देशांनी ठरवलं की २०३० पर्यंत नवीकरणीय क्षमता तिप्पट करायची, ११,००० गिगावॅटपर्यंत. जगातली जवळपास एक तृतीयांश वीज आता नवीकरणीय आहे, उरुग्वेसारखा छोटा देश दहा-बारा वर्षांत जवळपास पूर्ण त्यावर गेला, केनिया जमिनीखालच्या वाफेवर वीज करतो. भारतातल्या एकूण वीजक्षमतेतली निम्मी २०२५ मध्ये बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-गॅस सोडून इतर मार्गांची, झाली. पण प्रत्यक्ष तयार होणारी वीज बघितली तर सत्तर टक्क्यांच्या आसपास अजून कोळशाचीच, कारण पॅनल संध्याकाळी सहानंतर झोपतं आणि आपण सगळे नेमके तेव्हाच घरी येऊन दिवे, पंखे, एसी लावतो. त्यावर बॅटऱ्या हा एक मार्ग, दुसरा सह्याद्रीतल्या घाटघरच्या प्रकल्पासारखा, तिथं २००८ पासून जास्तीची वीज असेल तेव्हा खालचं पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून २५० मेगावॅट काढतात. सह्याद्रीचे कडे अशा कामाला देवानं दिल्यासारखे आहेत, आणि नेमकं तिथंच जंगल पण आहे, म्हणजे पुढचं भांडण तिथं होणार.

चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. तिथली राख, तिथली उन्हाळ्यातली हवा आमच्या सगळ्यांच्या घरातल्या उजेडासाठी चंद्रपूरकरांनी सोसलीय. उद्या ते बंद व्हायची वेळ आली तर तिथल्या कोळसा खाणीतल्या कंत्राटी कामगाराला कुठलं काम देणार याचा विचार आज सुरू व्हायला हवा, केंद्राला टाळं लागल्यावर करून उपयोग नाही.

जगभर नवीकरणीय ऊर्जा पसरवायची म्हणजे काय करायचं, यावर माझं मत वाचता वाचता पक्कं होत गेलंय ते व्याजाबद्दल आहे. कोळशाच्या केंद्राला रोज कोळसा विकत घ्यावा लागतो. सोलरला ऊन फुकट, सगळा खर्च पहिल्या दिवशी, तोही कर्ज काढून, त्यामुळे व्याज किती हेच सोलरचं इंधन. आफ्रिकेत जगातल्या सगळ्यात चांगल्या उन्हाच्या जागांपैकी साठ टक्के आहेत आणि जगात बसवलेल्या सोलरपैकी तिथं फक्त एक टक्का. साठ कोटी लोक तिथं अजून विजेशिवाय आहेत. ऊन आहे, गरज आहे, पॅनल दहा सेंटला मिळतंय, पण कर्जाचं व्याज श्रीमंत देशांच्या दुप्पट-तिप्पट. आमच्या शेतकऱ्याला सावकाराकडून घेतलेल्या बियाण्याच्या पैशाचं जसं होतं तसंच हे. २०१५ मध्ये पॅरिसला भारत आणि फ्रान्सने मिळून आंतरराष्ट्रीय सौर आघाडी काढली, तिचं मुख्यालय गुरुग्रामला आहे, तिने दुसरं काही केलं नाही आणि या देशांना स्वस्त कर्ज मिळवून दिलं तरी मी म्हणेन काम झालं.

आणि सरकारने काहीच केलं नाही तर लोक काय करतात तेही दिसलंय. पाकिस्तानात विजेचे दर परवडेनासे झाले आणि चिनी पॅनल स्वस्त झाली, तर २०२४ या एका वर्षात त्या देशाने १७ गिगावॅटच्या आसपास पॅनल आयात केली, छपरांवर, गोठ्यांवर, शेतात, कुठल्याही मोठ्या योजनेशिवाय. तिथल्या पंजाबच्या शेतकऱ्यांनी ट्यूबवेल सोलरवर नेले, डिझेल वाचलं. पण पाणी उपसणं फुकट झाल्यावर भूजल कुठे जाणार हा प्रश्न तिथं उभा राहिलाय, तोच आपल्याकडेही आहे. दिवसभर ऊन, फुकट वीज, बोअर चालू ठेवायला कुणाचं काय जातंय? आमच्याकडे बोअर आधीच पाचशे-सातशे फुटावर गेलेत.

याचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात आहे. २०१६ च्या सुमाराला तिथल्या सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली, आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या लोकांनी मदत केली, अभ्यासक तुषार शहा यांची ती कल्पना. पिकाला पाणी द्यायला लागेल तेवढी वीज वापरायची आणि उरलेली वीज कंपनीला विकायची, मंडळीच्या एका मीटरवरून. मग मोटर विनाकारण चालू ठेवली तर आपलंच नुकसान, कारण ती वीज विकली असती तर पैसे मिळाले असते. पाण्याची राखण करायला कुणी इन्स्पेक्टर नको. केंद्राच्या सोलर पंपांसाठीच्या पंतप्रधान कुसुम योजनेत २०१९ पासून जास्तीची वीज तारेत सोडायची सोय कागदावर आहे, पण आमच्या चुलत्यांचा पंप तारेला जोडलेलाच नाही, पाणी लागत नसेल तेव्हा वर्षातले कितीतरी दिवस ती पॅनल नुसती उन्हात उभी असतात.

आपल्याला हे जमणार नाही असं म्हणायला जागा नाही. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी उभा केला तो आमच्याच नगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात. याच जिल्ह्यात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था होती, शेतकऱ्यांची स्वतःची वीज संस्था, श्योनाऊच्या कितीतरी आधी. ती थकबाकीत रुतली आणि २०११ मध्ये तिचा परवाना संपला. ती विजेची विक्री करायची, वीज तयार करत नव्हती, बाहेरून घेतलेल्या विजेचे पैसे चुकवणं तिला झेपलं नाही. आज वीज शेतातच तयार होते, तेव्हा तोच प्रयोग वेगळ्या पायावर करता येईल. येत्या ग्रामसभेत गायरानाचा ठराव येणार आहे, आणि आम्ही काही जण मिळून त्यात दोन गोष्टी मागणार आहोत, भूमिहीनांचा हिस्सा आणि गावाच्या सोसायटीला प्रकल्पात शेअर. सरपंच म्हणाले की असं कुठल्या जीआरमध्ये बसत नाही. बसत नसेल तर बसवून घ्यायला लागेल, त्यासाठी अर्ज लिहून तयार ठेवलाय, आणि ज्यांच्या गावात असे करार आधी झालेत, भाड्याचे, शेअरचे, चांगले-वाईट कसेही, त्यांनी कागद दाखवले तर आमचं काम सोपं होईल.